तीव्र हार्ट फेल्युअर आणि घरची पॅलिएटिव्ह केअर : सुरुवात कधी करावी, काय ठरवून ठेवावे

उंबरठा (धागालेखक)

हार्ट फेल्युअर (हृदय दुबळे होऊन शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकणे) शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्या रुग्णांच्या घरी गेल्यावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "हृदयाचे डॉक्टर अजून औषधे बदलून पाहत आहेत, मग पॅलिएटिव्ह केअरचे नाव आत्ताच कशाला काढायचे?" पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणारी काळजी. मी एका गृहशुश्रूषा गटासोबत स्वयंसेवक म्हणून काम करतो आणि त्याआधी माझ्या वडिलांचे याच आजारातले दुखणे आम्ही घरीच काढले आहे. त्यातून बनलेले माझे मत सुरुवातीलाच मांडतो. आयुष्य नेमके किती उरले आहे याचे उत्तर मिळेपर्यंत जे कुटुंब थांबते, त्याला ही मदत बहुधा मिळतच नाही. म्हणून घरच्या पॅलिएटिव्ह केअरची सुरुवात रुग्णाच्या त्रासावरून ठरवावी, उरलेल्या दिवसांच्या अंदाजावरून ठरवू नये.

याचे कारण आजाराच्या चालीतच आहे. अनेक कर्करोगांत प्रकृती बराच काळ टिकून राहते आणि मग थोड्या आठवड्यांत उघडपणे खालावते, त्यामुळे डॉक्टरांना आणि घरच्यांना निदान अंदाज तरी बांधता येतो. हार्ट फेल्युअरमध्ये रुग्ण अंगावर पाणी चढून, धापा टाकत रुग्णालयात दाखल होतो, शिरेतून लघवीचे औषध मिळाल्यावर हलका होऊन घरी येतो, आणि सगळ्यांना वाटते की आता निभावले. प्रत्यक्षात अशा प्रत्येक खेपेनंतर तो आधीपेक्षा एक पायरी खाली स्थिरावलेला असतो. पूर्वी अंगणापर्यंत जाणारा माणूस आता न्हाणीघरापर्यंत जाऊन थकतो. त्यातच हृदयाचा ताल बिघडून अचानक मृत्यू येण्याची शक्यता सतत असते. इतक्या खाली-वर होणाऱ्या आजारात "अजून किती दिवस?" या प्रश्नाला प्रामाणिक डॉक्टर नेमके उत्तर देऊ शकत नाहीत, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

घरातली माणसे बहुतेक वेळा "पंपिंग किती टक्के" या आकड्याला धरून बसतात. तो आकडा हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या आकुंचनाबद्दल सांगतो, रुग्णाच्या दिवसाबद्दल फारसे सांगत नाही. आकडा तेवढाच असताना एक जण जिना चढतो आणि दुसऱ्याला सदरा घालतानाही मध्ये थांबावे लागते. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची चार श्रेणींची मोजपट्टी या कामी अधिक उपयोगी आहे : चौथ्या श्रेणीतील रुग्णाला बसल्या जागीही धाप लागते. ही श्रेणी गाठली गेली असेल, सहा-बारा महिन्यांत वारंवार रुग्णालयात जावे लागले असेल, रक्तदाब इतका खाली राहत असेल की हृदयाची नेहमीची औषधे कमी करावी लागत आहेत, मूत्रपिंडांचे काम मंदावत असेल, लघवीच्या गोळीचा डोस वाढवत नेऊनही सूज हटत नसेल, किंवा सूज असूनही दंड आणि मांड्या झिजत चालल्या असतील, तर पॅलिएटिव्ह गटाला बोलावण्याची वेळ आलेली आहे असे समजावे.

या सेवेभोवतीची भीती समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू केले, आणि शारीरिक दुखण्यासोबत मनाची, नात्यांची व श्रद्धेची वेदनाही उपचाराचा विषय आहे हा विचार तेथून सर्वदूर गेला. मात्र या सेवेची घडी प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांभोवती बसली. हृदयरोग्यांचा विचार उशिरा झाला. आज चित्र बदलले आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्ये ठराव करून ही काळजी आजाराच्या संपूर्ण काळात मिळावी अशी अपेक्षा व्यक्त केली, आणि अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी हार्ट फेल्युअरच्या सर्वच रुग्णांसाठी तिची सर्वांत ठाम दर्जाची शिफारस केली.

याला अभ्यासांचाही आधार आहे. स्वीडनमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७२ रुग्णांपैकी निम्म्यांना हृदयोपचार आणि पॅलिएटिव्ह केअर एकत्र करून घरी दिली गेली. सहा महिन्यांत त्या गटात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग १५ होते, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ५३. हाँगकाँगमधील २०१६ च्या चाचणीत ८४ रुग्ण होते. घरभेटी आणि दूरध्वनी यांचा आधार मिळालेल्यांपैकी १२ आठवड्यांत सुमारे ३४ टक्के पुन्हा दाखल झाले, इतरांपैकी ६१ टक्के. अमेरिकेतील १५० रुग्णांच्या २०१७ च्या चाचणीत आयुष्य लांबल्याचे किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या घटल्याचे दिसले नाही, पण जगण्याची गुणवत्ता आणि मनाची स्थिती नक्की सुधारली. चाचण्या लहान आहेत हे मान्य करूनही मला त्यांचा रोख पटतो.

आणखी एक गैरसमज दूर करतो. ही सेवा सुरू केली म्हणून हृदयाची औषधे बंद होत नाहीत. या आजारात हृदयाला आधार देणारे औषध आणि त्रास कमी करणारे औषध पुष्कळदा एकच असते. लघवीची गोळी बंद केली तर दोन-तीन दिवसांत रुग्ण पाण्याने भरून येतो. जे औषध वर्षांनंतरचा धोका टाळण्यासाठी दिलेले असते त्याचा मात्र फेरविचार होतो. कोलेस्टेरॉलची गोळी हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे.

ज्यांनी हे घरी केले आहे, करत आहेत किंवा करण्याच्या विचारात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

केवडा

लेख वेळेवर आला. माझ्या सासूबाई चौथ्या श्रेणीत आहेत आणि घरी मी, माझे यजमान व नणंद आळीपाळीने त्यांच्याजवळ असतो. दिवस निघून जातो, पण रात्र काढणे अवघड झाले आहे. आडव्या झाल्या की अर्ध्या-पाऊण तासात दचकून उठतात, खिडकीकडे तोंड करून बसतात आणि माझा हात घट्ट धरतात. आम्ही ऑक्सिजनचे यंत्र आणले, पण बोटावरचा आकडा ९५-९६ असतानाही त्यांची घुसमट थांबत नाही. डॉक्टरांनी मॉर्फिनचा (अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाचा) उल्लेख केला तेव्हा यजमानांनी विषयच बंद केला. त्यांच्या मते ते सुरू करणे म्हणजे हात टेकणे. आम्ही नेमके काय करावे?

संथवाहिनी

केवडाताई, मी अनेक वर्षे घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका आहे. आपण वर्णन केलेली रात्र मी पुष्कळ घरांत पाहिली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आडवे झाल्यावर पाय आणि पोटात साठलेले पाणी रक्ताभिसरणात परत येते, दुबळ्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसांत दाटी होते. म्हणून नुसत्या एकावर एक उशा रचून भागत नाही; उशा घसरतात, मान पुढे वाकते, पोट दुमडते आणि श्वास आणखी कोंडतो. पाठीमागे कमरेपासून डोक्यापर्यंत सलग उतरता आधार हवा, गुडघ्यांखाली एक लहान लोड हवा म्हणजे शरीर खाली सरकत नाही, आणि दोन्ही कोपरांखाली एकेक उशी हवी, म्हणजे खांद्यांचा भार छातीवर येत नाही. घुसमट वाढली की त्यांना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवावे, समोर उंच टेबलावर उशी ठेवून त्यावर हात आणि कपाळ टेकू द्यावे. पुष्कळ जणांना या स्थितीत काही मिनिटांत उतार पडतो. सूज उतरावी म्हणून पाय उंच करून ठेवण्याची घाई धाप लागलेली असताना करू नये, कारण तेच पाणी छातीकडे येते.

पंख्याला कमी लेखू नये. हातात धरता येईल असा लहान पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून गालांवर आणि नाकपुड्यांजवळ वारा फिरवावा. चेहऱ्यावरील मज्जातंतूंना थंड वारा लागला की मेंदूला जाणवणारी श्वासाची तहान कमी होते. ऑक्सिजनबाबत सांगायचे तर रक्तातील प्रमाण खरोखर कमी असेल तरच त्याचा खरा उपयोग असतो. प्रमाण ठीक असलेल्या, पण सतत धाप लागणाऱ्या रुग्णांत नळीतून ऑक्सिजन दिला काय आणि साधी हवा दिली काय, आराम सारखाच मिळतो असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले होते. तेव्हा आकडा ९५ असताना यंत्राचा प्रवाह वाढवत बसू नये. त्याने नाक कोरडे पडते, नळीमुळे हालचाल अडते आणि माणूस यंत्राला खिळून राहतो.

मॉर्फिनविषयी यजमानांना वाटणारी भीती मी समजू शकते. हार्ट फेल्युअरच्या धापेवर त्याचा किती फायदा होतो याबाबत संशोधन एकमताचे नाही, पण बाकी उपाय थकल्यावर काही रुग्णांना त्याने चांगला आराम पडतो हे मी जवळून पाहिले आहे. सुरुवात अगदी कमी मात्रेने होते, बहुधा तोंडावाटे अडीच मिलिग्रॅम, आणि डॉक्टर ती हळूहळू जुळवत नेतात. अशा मोजक्या मात्रेने श्वास बंद पडतो ही समजूत चुकीची आहे. झोपेची गुंगी मात्र पहिले काही दिवस येऊ शकते. बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेले असते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावेच, कारण शौचाला कुंथणे हा या रुग्णांच्या हृदयावर मोठा ताण असतो. मूत्रपिंडे मंदावली असतील तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठून झटके, भ्रम किंवा अति गुंगी येऊ शकते. तसे असल्यास फेंटॅनिलसारखा त्याच जातीच्या औषधाचा पर्याय डॉक्टर सुचवतात. सासूबाईंचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल हा विषय काढण्यापूर्वी जवळ ठेवा.

आणि एक गोष्ट विसरू नका. त्या आपला हात घट्ट धरतात त्या वेळी "काही होत नाही" असे म्हणू नका, कारण त्यांना होत आहे ते त्यांना कळते. "मी इथेच आहे, सावकाश श्वास सोडा" एवढेच म्हणा आणि आपला श्वास त्यांना ऐकू येईल असा लांब सोडा. घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष गेले की घाबरलेला श्वास आपोआप मंद होतो.

उंबरठा

संथवाहिनीताईंच्या उत्तरात मी रात्रीच्या नियोजनाची भर घालतो. घरची काळजी जिथे कोसळते तिथे बहुतेक वेळा औषध कमी पडलेले नसते, निर्णय कमी पडलेला असतो. पहाटे दोन वाजता रुग्ण धापा टाकत असताना कुणाला फोन करायचा, कोणते औषध द्यायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची की नाही, हे त्याच क्षणी ठरवायची वेळ येते, आणि घाबरलेले घर अर्थातच रुग्णालयाकडे धावते. म्हणून डॉक्टरांच्या भेटीतच एका कागदावर हे लिहून घ्यावे.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करून वहीत नोंदवावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर ते पाणी आहे असे धरतात, आणि त्या दिवशी लघवीच्या गोळीचा जादा डोस किती घ्यायचा, हे त्या कागदावर आकड्यासह असावे. रुग्णाला उभे राहणे जमेनासे झाले की वजनाचा हट्ट सोडावा. तेव्हा घोट्याजवळ बोट दाबल्यावर पडणारा खळगा, अंगठी किंवा बांगडी घट्ट होणे, पोटाला तडस लागणे आणि रात्री किती वेळा उठून बसावे लागले याच्या नोंदी पुरेशा असतात. आतड्यांना सूज आली की पोटातून घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. अशा वेळी शिरेतून किंवा त्वचेखालून फ्युरोसेमाइड हे लघवीचे औषध देण्याची सोय घरी होऊ शकते का, हे आधीच विचारून ठेवावे. काही रुग्णांना हृदयाचे आकुंचन वाढवणारे औषध लहान पंपाद्वारे घरी सतत देतात. त्याने जीव वाचेल या आशेने ते घेऊ नये, उरलेला काळ सुसह्य व्हावा म्हणून घ्यावे, आणि शिरेतल्या नळीला होणारा जंतुसंसर्ग व तालाचे बिघाड यांची पूर्ण कल्पना असावी.

त्याच कागदावर ठळक अक्षरांत हेही लिहावे की अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुणीही देऊ नये. कणकण वाटली म्हणून एखाद्या नातलगाने प्रेमाने दिलेली अशी गोळी शरीरात पाणी अडवते, मूत्रपिंडांवर ताण आणते आणि सावरलेला रुग्ण पुन्हा रुग्णालयात पोहोचवते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम भरपूर असते.

माळरान

माझ्या वडिलांच्या छातीत शॉक देणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवलेले आहे. मागील महिन्यात एका संध्याकाळी त्याने लागोपाठ शॉक दिले. ते पूर्ण शुद्धीत होते आणि प्रत्येक वेळी त्यांचे अंग पलंगावरून उचलले जात होते. तेव्हापासून ते झोपायला घाबरतात. शेवटच्या काळात हे यंत्र बंद करता येते असे ऐकले आहे. ते बंद करणे म्हणजे आम्हीच त्यांचा जीव घेणे होईल का? हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून इथे विचारतो.

लोहगंध

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. आपल्या वडिलांना पाहिलेले नसल्याने त्यांच्याविषयी निर्णय देता येणार नाही, पण प्रश्नाचे सर्वसाधारण उत्तर स्पष्ट आहे.

अशा यंत्रात अनेकदा दोन कामे एकत्र असतात. एक काम मंद हृदयाला ठोका पुरवण्याचे आणि दुसरे घातक वेगवान ताल ओळखून शॉक देण्याचे. शॉक देण्याचे काम बाहेरून, संगणकाच्या साहाय्याने, शस्त्रक्रियेविना आणि वेदनेविना बंद करता येते, आणि ठोका पुरवण्याचे काम तसेच चालू ठेवता येते. शॉक बंद केल्याने त्या क्षणी काहीही होत नाही; रुग्ण नेहमीसारखा बोलतो, जेवतो. पुढे कधी घातक ताल आला तर यंत्र मध्ये पडणार नाही, एवढाच बदल होतो. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या दृष्टीने, रुग्णाला नको असलेला उपचार थांबवणे हे जीव घेणे नव्हे, आणि हृदयतालाच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्येच ही भूमिका लेखी मांडली आहे. मृत्यू आजाराने येतो.

हा विषय वेळेत न निघाल्यास काय होते तेही सांगतो. स्वीडनमध्ये मृत्यूनंतर काढलेल्या यंत्रांची नोंद तपासली गेली, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना शेवटच्या चोवीस तासांत शॉक बसल्याचे आढळले. जाणाऱ्या माणसाचे हृदय शेवटी ताल सोडतेच, आणि यंत्र आपले काम इमानाने करत राहते. त्याचा त्रास रुग्णाला होतो आणि हात धरून बसलेल्या माणसांच्या मनावर तो आयुष्यभर राहतो.

आपल्या बाबतीत पहिले पाऊल निराळे आहे : लागोपाठ शॉक का बसले याची तपासणी लगेच करून घ्या, कारण पोटॅशियम कमी होणे किंवा यंत्राची मांडणी बदलावी लागणे अशी दुरुस्त होणारी कारणे असू शकतात. त्यानंतर शांत वेळी, वडिलांच्या उपस्थितीत आणि त्यांच्या शब्दांना प्राधान्य देऊन, बंद करण्याचा विषय घ्यावा. निर्णय त्यांचा आहे. तो आज घेतला नाही तरी कोणत्या परिस्थितीत घ्यायचा हे ठरवून ठेवता येते. अचानक शेवट जवळ आला आणि तंत्रज्ञ लगेच येऊ शकत नसेल, तर यंत्रावर ठेवण्याचे एक खास चुंबक असते. ते छातीवर चिकटवून ठेवल्यास बहुतेक यंत्रांत शॉक देणे तेवढ्यापुरते थांबते. असे चुंबक घरी आणून ठेवावे का, हे आपल्या केंद्राला विचारा.

माळरान

आभारी आहे. वडिलांशी बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मला वाटले होते की हे विचारायचे नसते." पुढच्या आठवड्यातील भेटीत दोघेही विचारणार आहोत.

दीपमाळ

मी थोडी वेगळी बाजू मांडू इच्छिते. माझ्या आईने घरी राहण्यास नकार दिला होता. तिला रुग्णालयातील घंटा आणि रात्री जागी असलेली परिचारिका यांचा आधार वाटे, आणि घरी मी एकटी आहे, माझी झोपमोड होते, या विचाराने तिची धाप वाढे. घरी शेवट झाला म्हणजे चांगला आणि रुग्णालयात झाला म्हणजे वाईट, असा सूर अशा चर्चांत नकळत लागतो. ज्यांच्या घरात दुसरे माणूसच नाही त्यांनी काय करावे? उचलणे, कूस बदलणे, ओले कपडे बदलणे हे एकट्या साठीतल्या बाईच्या आवाक्यातले नाही. कुटुंबाच्या प्रेमाच्या नावाखाली हे सगळे ओझे घरातल्या एकाच स्त्रीच्या अंगावर टाकले जाते हे मी माझ्या ओळखीच्या अनेक घरांत पाहिले आहे.

उंबरठा

दीपमाळताई, आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. रुग्णाला कुठे राहायचे आहे हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही; प्रकृती बदलली की उत्तर बदलू शकते, आणि घरी राहायचे ठरवलेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात जावेसे वाटले तर त्यात कुणाचेही अपयश नाही. घरी येणाऱ्या गटाकडून पहिल्याच भेटीत शुश्रूषा करणाऱ्याचीही विचारपूस व्हायला हवी : झोप किती मिळते, स्वतःची औषधे वेळेवर घेतली जातात का, दिवसातून निदान दोन तास सुटका होते का. ज्या घरात या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येतात तिथे पगारी मदतनीस, नातलगांच्या पाळ्या किंवा रुग्णाला काही दिवस संस्थेत ठेवून घरच्यांना विसावा, यांपैकी काहीतरी करावेच लागते. ते जमत नसेल तर घरी ठेवण्याचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पॅलिएटिव्ह केअर रुग्णालयातही मिळू शकते आणि मिळायला हवी.

पारंबी

माझे दोन प्रश्न आहेत. आजोबा काहीच खात नाहीत, दोन घासांत पोट भरले म्हणतात. मीठ तर वर्षानुवर्षे बंद आहे. आजी रडून रडून भरवते आणि त्यावरून रोज वाद होतात. दुसरे म्हणजे ते हल्ली फार उदास असतात आणि "मला आता त्रास देऊ नका" असे म्हणतात. हे आजारामुळे आहे की त्यांनी मनाने सोडून दिले आहे?

संथवाहिनी

पारंबी, यकृत आणि आतड्यांत पाणी साचल्यामुळे दोन घासांत पोट भरल्यासारखे होते, मळमळते आणि अन्नाची चवही बदलते. ते आजोबांचे हट्टीपण नाही. थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा, त्यांना हवे तेव्हा द्यावे आणि ताट नेहमीपेक्षा लहान घ्यावे. आजार या टप्प्यावर आल्यावर मिठाचे कडक पथ्य सैल करता येते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. चव परत आल्याने दोन घास जास्त जात असतील तर तो सौदा अनेकदा योग्य ठरतो, फक्त सूज आणि धाप यांवर लक्ष ठेवावे लागते. आजारामुळे होणारी शरीराची झीज जास्त भरवल्याने भरून येत नाही, हे आजींना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, म्हणजे त्यांच्या मनावरचा भार हलका होईल. त्यांना भरवण्याऐवजी दुसरे काम द्या : ओठांना मलम लावणे, ओल्या मऊ कापडाने तोंड आतून पुसणे, पायांच्या ताणलेल्या त्वचेला हलक्या हाताने मलम लावणे. त्या त्वचेतून पाणी पाझरू लागले तर ती स्वच्छ आणि कोरडी ठेवून शोषून घेणारी पट्टी बांधावी. घट्ट पट्टे स्वतःच्या मनाने बांधू नयेत.

उदासीबद्दल सांगायचे तर हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाला उपचारयोग्य नैराश्य असते, आणि थकवा, झोपमोड, भूक मंदावणे ही लक्षणे दोन्हींकडे सारखी असल्याने ते सहज नजरेतून सुटते. म्हणून डॉक्टरांना तपासू द्या. मात्र "मला त्रास देऊ नका" हे वाक्य नैराश्याचेही असू शकते आणि विचारपूर्वक केलेली मागणीही असू शकते. ते ओळखण्यासाठी त्यांनाच विचारा की त्यातला नेमका कोणता त्रास नको आहे. माझ्या एका रुग्णाने याचे उत्तर "रोज रक्त काढणे" असे दिले होते. त्याने निकालात फरक पडत नव्हता, म्हणून ते थांबवले, आणि तो रुग्ण पुन्हा बोलू लागला.

केवडा

सर्वांचे आभार. उतरता आधार आणि पंखा यांनी सासूबाईंना सलग तीन-चार तास झोप लागू लागली आहे. यजमानांनी स्वतः डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल विचारले; क्रिएटिनिन वाढलेले असल्याने त्यांनी दुसरे औषध निवडले आहे. एक शेवटची विचारणा : शेवट जवळ आल्याचे घरच्या माणसाने कसे ओळखावे, आणि त्यानंतर घरात लगेच काय करावे लागते? हे विचारताना हात थरथरतो, पण त्या वेळी गोंधळ होऊ नये असे वाटते.

संथवाहिनी

केवडाताई, बहुधा झोपेचे तास वाढतात, गिळणे जमेनासे होते, लघवी कमी आणि गडद होते, हातपाय थंड पडून गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते. श्वास काही क्षण थांबतो आणि पुन्हा खोल होत जातो. पाहणाऱ्याला ते भयंकर वाटते, रुग्णाला बहुधा जाणवत नाही. घशात घरघर होते, तेव्हा कुशीवर वळवावे. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. गोळ्या गिळता येत नसतील तर धाप आणि अस्वस्थतेची औषधे त्वचेखालून देण्याची सोय गटाकडे असते. ती औषधे आणि लेखी सूचना आधीच घरी ठेवून घ्या. मात्र हार्ट फेल्युअरमध्ये ही सगळी लक्षणे दिसण्यापूर्वीच अचानक शेवट होऊ शकतो, त्यामुळे कुणी त्या क्षणी जवळ नसेल तर त्याने स्वतःला बोल लावू नये.

त्यानंतर घाई कशाचीच नसते. डॉक्टरांना कळवून मृत्यूचा दाखला घ्यावा. त्यासाठी कोणाला बोलवायचे हे त्या कागदावर आधी लिहिलेले असावे. छातीत पेसमेकर किंवा आयसीडी असेल तर दहनापूर्वी ते काढावेच लागते, कारण उष्णतेने त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो. शॉकचे काम तोवर चालू राहिलेले असेल तर यंत्राला हात लावण्यापूर्वी ते बंद करून घ्यावे. उरलेली मॉर्फिन किंवा फेंटॅनिलसारखी औषधे मोजून, नोंद करून गटाकडे परत द्यावीत. त्वचेवरची वापरलेली फेंटॅनिलची पट्टीसुद्धा चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी, कारण काढून टाकल्यावरही तिच्यात पुष्कळ औषध शिल्लक असते.